‘मेन’चा पंचनामा : ताकदीचा एक जुना इंग्रजी शब्द कसा संपला, कुठे उरला

इंग्रजीत ‘विथ माइट अँड मेन’ असा एक वाक्प्रचार आहे. मराठीत आपण तो ‘सर्व शक्तीनिशी’ किंवा ‘जीव तोडून’ असा सांगून मोकळे होतो. त्यातला ‘माइट’ ओळखीचा आहे, माइट म्हणजे सामर्थ्य. पण त्याच्या शेजारचा ‘मेन’ कोण? मेन रोड, मेन गेटमधला ‘मुख्य’ या अर्थाचा मेन इथे बसत नाही. विशेषण म्हणावं, तर पुढे नाम नाही. आणि ‘सामर्थ्य आणि मुख्य’ या जोडीला काही अर्थच नाही.

हा मेन नाम आहे आणि त्याचा अर्थ बळ. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ताकदीसाठी जे शब्द होते, त्यांत तो पहिल्या फळीतला. मनगटातली ताकद, सैन्य, सद्गुण, औषधाचा गुण, दैवी चमत्कार एवढा सगळा कारभार तो एकटा बघायचा. आज त्याच्या नावावर हा एक वाक्प्रचार आणि कवितेत अडकून पडलेलं एक क्रियाविशेषण, एवढंच आहे. ‘माइट’ टिकला, ‘स्ट्रेंग्थ’ टिकला, मग हाच का गेला?

याचं उत्तर बहुधा एका सालात दिलं जातं : १०६६. फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंड जिंकून आले, सोबत फ्रेंच आली, जुने शब्द मेले. उत्तर सुटसुटीत आहे, पण या प्रकरणात ते पुरत नाही. ‘मेन’ हा शब्द नाम म्हणून १०६६ नंतरही कित्येक पिढ्या धडधाकट होता. त्याला बाहेरच्यांनी ढकललं हे खरं, पण त्याची जागा शेवटी घेतली ती त्याच्याच घरातल्या विशेषणाने.

तीन कपाटं

या शब्दाचं आयुष्य समजून घ्यायला एक ग्रंथसंग्रह जवळजवळ पुरतो. सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) या इंग्रज गृहस्थाने आयुष्यभर जुनी हस्तलिखितं गोळा केली. त्यांच्या ग्रंथालयात प्रत्येक कपाटावर एकेका रोमन सम्राटाचा अर्धपुतळा होता (जोडीला क्लिओपात्रा आणि फॉस्टिना), आणि हस्तलिखिताचा क्रमांक त्या पुतळ्याच्या नावाने लागायचा. आजही तेच क्रमांक चालतात. आपल्याला त्यातली तीन कपाटं उघडायची आहेत : व्हिटेलियस, ऑथो आणि नीरो.

२३ ऑक्टोबर १७३१ रोजी हा संग्रह लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात अ‍ॅशबर्नम हाउसमध्ये असताना तिथे आग लागली. ग्रंथपाल रिचर्ड बेंटली झोपेच्या कपड्यांतच बायबलची एक अमोल प्राचीन प्रत काखोटीला मारून बाहेर पडले, असं सांगतात. नीरोच्या कपाटातलं आपलं हस्तलिखित सुखरूप राहिलं, व्हिटेलियसमधल्याच्या कडा करपल्या, आणि ऑथोमधलं जळून गेलं.

आधी व्हिटेलियस. या कपाटात ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य होतं. इसवी सन १००० च्या आसपास लिहून काढलेली प्रत, ३,१८२ ओळी. नायक समुद्र ओलांडून डेन्मार्कच्या राजाकडे येतो, कारण ग्रेंडेल नावाचा राक्षस रात्री महालात शिरून माणसं खातो. नायकाची कीर्ती त्याच्याआधी पोहोचलेली असते : त्याच्या मुठीच्या पकडीत तीस माणसांची ताकद आहे. तिथे मूळ शब्द आहे ‘मॅयेन्‌क्रॅफ्ट’. आणि पुढे ही बढाई नव्हती हे कळतं. ग्रेंडेल येतो, नायक शस्त्र न घेता त्याचा हात धरतो, आणि शेवटी तो हात खांद्यापासून उखडला जातो.

‘मॅयेन’ हे आपल्या ‘मेन’चं तेव्हाचं रूप. लिहिताना मध्ये ‘ग’चं अक्षर असायचं, पण उच्चार ‘य’च्या जवळचा. हा ‘य’ पुढे आधीच्या स्वरात विरघळला. हे काही याच शब्दाचं नशीब नव्हतं. मेंदूला ‘ब्रॅयेन’ म्हणायचे त्याचं ‘ब्रेन’ झालं, ‘नॅयल’चं ‘नेल’, ‘डॅय’चं ‘डे’. त्याच वाटेने ‘मॅयेन’चं ‘मेन’. म्हणजे शब्दाचा आवाज बदलला तो सगळ्यांबरोबर, शिस्तीत. त्यात मरणाचं काही कारण नव्हतं.

‘मॅयेन्‌क्रॅफ्ट’ हा समास जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण त्याचे दोन्ही तुकडे तेव्हा ताकदीचेच शब्द होते. ‘क्रॅफ्ट’ म्हणजे मुळात बळ. जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’चा अर्थ आजही शक्ती असाच आहे. इंग्रजीत मात्र तो बळाकडून कसबाकडे सरकला आणि शेवटी शाळेत कागदाची फुलं कापण्याच्या तासाला येऊन बसला. तीस पैलवानांचं बळ सांगणाऱ्या शब्दाचा अर्धा भाग ‘मुख्य’ झाला आणि उरलेला अर्धा हस्तकला.

बेओवुल्फच्या कवीला हा शब्द फार प्रिय. दांडग्या भाल्याला तो ‘मॅयेन्‌वुडू’ म्हणतो, म्हणजे बळकट लाकूड. नायकाची ओळख करून देताना म्हणतो की त्या काळी मनुष्यजातीत ‘मॅयेन’मध्ये त्याच्यासारखा दुसरा नव्हता. गद्यात, विशेषतः धर्मग्रंथांत, शब्दाचं दुसरंच रूप दिसतं. लॅटिन ‘विर्तुस’ म्हणजे सद्गुण, तो ‘मॅयेन’. मुख्य सद्गुण ते ‘हेआफोद्‌मॅयेन’, म्हणजे शिरोबळ. फौज म्हणजेही ‘मॅयेन’. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको, संस्कृतात ‘बल’ म्हणजे ताकदही आणि सैन्यही.

मूळ कुठलं? जुन्या इंग्रजीत ‘मागन’ असं क्रियापद होतं, अर्थ ‘शकणे, अंगी बळ असणे’. त्याचं वर्तमानकाळी रूप ‘मॅय’ म्हणजे आजचं ‘मे’. ज्याचा मूळ अर्थ ‘माझ्यात ताकद आहे’ असा होता, ते क्रियापद आज ‘कदाचित’ आणि ‘परवानगी आहे’ एवढ्यावर आलंय. ‘माइट’ हे नामही याच घरातलं. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत याचा भाऊ ‘मेगिन’. थॉर देव कमरेला जो बळ दुप्पट करणारा पट्टा बांधतो, त्याच्या नावात हाच शब्द आहे. थॉरच्या दोन मुलांची नावं मोदी आणि माग्नी : एकाचा अर्थ आवेश, दुसऱ्याचा बळ. (पहिलं नाव वाचून हसू येणाऱ्यांनी हसून घ्यावं, ही दोन नावं पुढे पुन्हा लागणार आहेत.) संस्कृतातला ‘मघ’ आणि त्यावरून इंद्राचं ‘मघवा’ हे नावही काही अभ्यासक याच धातूशी जोडतात, पण ते सर्वमान्य नाही. आपल्याला त्यावर काही उभं करायचं नाही, म्हणून पुढे जाऊ.

ऑथो : जळालेलं हस्तलिखित

शब्दाची सर्वांत गाजलेली ओळ ज्या हस्तलिखितात होती, ते ऑथोच्या कपाटात होतं. म्हणजे राख झालं. ती कविता आज आपल्या हातात आहे, कारण आगीच्या थोडीच वर्षं आधी तिची नक्कल उतरवून घेतली गेली होती, आणि टॉमस हर्न यांनी १७२६ मध्ये ती एका इतिहासग्रंथाच्या परिशिष्टात छापली होती. पाच वर्षांचं अंतर. मूळ प्रतीची सुरुवात आणि शेवट तेव्हाच गळालेले होते, त्यामुळे उरल्या ३२५ ओळी.

प्रसंग ऑगस्ट ९९१ चा. पूर्व इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात मॉल्डन गावाजवळ व्हायकिंगांचं आरमार येऊन थांबलं. त्यांची माणसं उतरली होती ती खाडीतल्या एका बेटावर, हे नॉर्दी बेट असावं असं बहुतेक मानतात. बेटाला जोडणारी अरुंद वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते. किनाऱ्यावर राजा एथेलरेडचा सुभेदार बिर्टनोथ फौज घेऊन उभा. व्हायकिंगांनी पलीकडून ओरडून खंडणी मागितली. बिर्टनोथचं उत्तर : देतो की, भाल्यांची टोकं देतो.

ओहोटी लागली. वाट एवढी चिंचोळी की बिर्टनोथच्या तीन माणसांनी ती अडवून धरली. मग व्हायकिंगांनी डाव टाकला, आम्हाला पलीकडे येऊ द्या, मैदानावर काय ते होऊ द्या. आणि बिर्टनोथने येऊ दिलं. का, यावर कवीने एकच शब्द लिहिलाय, ‘ओफेरमोद’. अति अभिमान की अति शौर्य, यावर अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

पुढे बिर्टनोथ पडतो. त्याच्याच पदरचा गोड्रिक त्याच्याच घोड्यावर बसून पळतो, लांबून बघणाऱ्यांना वाटतं सेनापतीच निघाला, आणि फौज फुटते. जे मागे राहतात त्यांना कळून चुकलेलं असतं की आता जिंकणं नाही. त्यांच्यात बिर्टवोल्ड नावाचा एक म्हातारा सरदार आहे. तो ढाल उचलतो, भाला हलवतो आणि बोलतो. मूळ ओळी कानाला साधारण अशा लागतील :

‘हिये शॅल थे हेअर्द्रा, हेओर्ते थे केन्रे,
मोद शॅल थे मारे, थे ऊरे मॅयेन लूत्लाथ.’

निश्चय अधिक कठोर हवा, काळीज अधिक धारदार हवं, मनाची उभारी वाढायला हवी, जसजसं आपलं बळ घटत जातंय तसतशी.

इथे ‘मॅयेन’ म्हणजे नेमकं काय घटतंय? दंडातली ताकद, की पडत चाललेले साथीदार, म्हणजे फौज? दोन्ही. म्हातारा स्वतःही थकलाय आणि आजूबाजूची माणसंही कमी होत चाललीत. हा दुहेरी अर्थ एका शब्दात बसतो, कारण शब्दच दोन्हीचा होता. आज हे वाक्य इंग्रजीत आणताना ‘स्ट्रेंग्थ’ वापरला की साथीदार सुटतात, ‘फोर्स’ वापरला की म्हाताऱ्याचं अंग सुटतं. एखाद्या शब्दाच्या जाण्याने भाषेचं नक्की काय जातं, हे दाखवायला मला याहून चांगली ओळ माहीत नाही.

‘मोद’ आणि ‘मॅयेन’ ही जोडी म्हणजे थॉरची दोन मुलं. एक मनाची ताकद, एक अंगाची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे जे. आर. आर. टोल्किन हे मुळात याच जुन्या भाषेचे प्राध्यापक. त्यांचं १९५३ साली मांडलेलं म्हणणं असं, की हे शब्द बिर्टवोल्डला तिथे सुचलेले नसावेत, वीरांच्या तोंडी आधीपासून चालत आलेले असावेत. जोडी इतकी जुनी असेल तर ते पटण्यासारखं आहे. ‘मोद’चं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, त्याचा ‘मूड’ झाला.

लढाई इंग्रज हरले. त्या वर्षी व्हायकिंगांना १०,००० पौंड खंडणी द्यावी लागली.

नीरो : नामाचं विशेषण

तिसरं हस्तलिखित चौदाव्या शतकाच्या अखेरचं. नॉर्मनांनी जिंकलेल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईला तोपर्यंत तीनशे वर्षं होऊन गेलेली. राजा आर्थरच्या दरबारात नाताळ-नववर्षाच्या मेजवानीत एक अगडबंब हिरवा माणूस हिरव्या घोड्यावरून शिरतो, आणि म्हणतो, माझ्यावर या कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षाने मी परत घालीन. सर गावेनची ही कथा. नंतर गावेन पुढे होतो, पण आधी आर्थर स्वतः चिडून कुऱ्हाड घेतो आणि हवेत फिरवून अंदाज घेतो. हिरवा माणूस दाढी कुरवाळत निवांत उभा. कवी म्हणतो, आर्थरच्या त्या दणक्यांनी तो जरासुद्धा ‘डिस्मेइड’ झाला नाही, कोणी बाकावर बसल्या जागी वाइनचा पेला आणून द्यावा इतकाच त्याला फरक पडला.

दणक्यांना मूळ ओळीत ‘मेन दिंतेज’ म्हटलंय. दांडगे प्रहार. इथे ‘मेन’ विशेषण आहे, आणि अर्थ अजून ‘मुख्य’ नाही, ‘जबरदस्त’ आहे. थोड्या आधी हिरव्या माणसाच्या घोड्यालाही ‘मेन हॉर्स’ म्हटलंय, म्हणजे थोरला, दणकट घोडा.

ही एक ओळ म्हणजे जुन्या ताकदवाचक शब्दांचं छोटं संग्रहालयच म्हणायला हवं. ‘दिंत’ म्हणजे घाव. त्याला पुढे ‘जोर, बळ’ असा अर्थ आला आणि आता तो ‘बाय डिंट ऑफ’ एवढ्यातच सापडतो. त्याचा सख्खा भाऊ ‘डेंट’ मात्र आपल्या गाड्यांच्या दारांवर सुखाने नांदतोय. आणि ‘डिस्मेइड’? तो आला फ्रेंचमधून, पण त्याच्या पोटात पुन्हा तोच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स या भाषांच्या कुळातला) धातू आहे : बळ काढून घेणे, हातपाय गाळणे. म्हणजे एकाच ओळीत हा धातू एकदा घरच्या वाटेने आलाय आणि एकदा परदेश फिरून.

मग याला घालवलं कोणी

आता १०६६ च्या उत्तराकडे येऊ. इसवी सन १२०० च्या आसपास लायामन नावाच्या एका पाद्र्याने ब्रिटनच्या राजांचा पद्यमय इतिहास इंग्रजीत रचला. त्यात ‘मेन’ नाम म्हणून आहे. म्हणजे नॉर्मन विजयानंतर चार-पाच पिढ्या उलटल्या तरी शब्द कामावर होता. शिवाय उत्तर इंग्लंडात व्हायकिंगांची वस्ती होती, त्यांच्या ‘मेगिन’चा त्याला आधारच मिळाला असणार.

बदल कसा झाला ते पाहायला बायबलचं एक वचन सोयीचं पडतं, कारण एकच वाक्य शतकाशतकांनी नव्याने लिहिलं गेलंय. मार्कच्या शुभवर्तमानातला १२ वा अध्याय, ३० वं वचन : आपल्या देवावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण मनाने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर. १०६६ च्या आधीच्या इंग्रजी भाषांतरात शेवटचे दोन शब्द आहेत ‘मोद’ आणि ‘मॅयेन’, तीच आपली जोडी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस धर्मसुधारक विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या नंतरच्या भाषांतरात शक्तीच्या जागी ‘माइट’ आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात ‘स्ट्रेंग्थ’.

इथे ‘मेन’ला हटवणारे दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी आहेत, फ्रेंच नव्हेत. नॉर्मनांवर सगळा आळ घालणाऱ्यांनी या वचनापाशी जरा थांबायला हवं.

फ्रेंचने केलं ते वेगळं. ‘मॅयेन’ एकटा जी पाच-सहा कामं करायचा, त्यातल्या बऱ्याच कामांना तिने स्वतंत्र माणसं पुरवली. सद्गुणाला ‘व्हर्च्यू’, चमत्काराला ‘मिरॅकल’, फौजेला आधी ‘होस्ट’ आणि मग ‘आर्मी’, सत्तेला ‘पॉवर’, जोरजबरदस्तीला ‘फोर्स’. यातले बहुतेक बाराव्या ते चौदाव्या शतकांत आले. कोर्टकचेरीत, चर्चमध्ये, छावणीत ज्याला त्याला नेमका शब्द मिळत गेला. ‘मेन’कडे शिल्लक राहिली फक्त अंगातली ताकद, आणि तिथे ‘माइट’ आणि ‘स्ट्रेंग्थ’ हे घरचेच दोन तगडे शब्द आधीपासून बसलेले होते.

त्यात आणखी एक घोळ. फ्रेंचमध्ये ‘मेन’ म्हणजे हात, आणि इंग्लंडच्या कायद्याची भाषा तेव्हा फ्रेंच. त्यामुळे कायद्याच्या कागदात ‘मेन’ हे अक्षर जिथे तिथे, पण अर्थ हाताचा. हातात धरून ठेवणे ते ‘मेन्टेन’. चर्चकडे गेलेली जमीन पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही म्हणून ‘मॉर्टमेन’, मेलेला हात, त्यावर पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये कायदाच केला. सरदाराच्या लवाजम्याला ‘मेनी’ म्हणायचे, तो शब्दही फ्रेंच. ‘मेन’ म्हणजे सैन्य आणि ‘मेनी’ म्हणजे लवाजमा, यांची कानाला गल्लत न झाली तरच नवल. शब्द अशा गर्दीने मरतातच असं नाही, हे कबूल. पण आधीच काम निसटत चाललेल्या शब्दाला ही गर्दी मानवत नाही.

पुत्राने बापाची गादी घेतली

माझ्या मते निर्णायक घाव मात्र विशेषणाचा होता. ‘मॅयेन्‌वुडू’सारख्या समासांत पहिलं पद विशेषणासारखं वागायचंच. ते सुटं होऊन ‘मेन हॉर्स’ झालं. दांडगा तो मोठा, मोठा तो प्रमुख, असा अर्थ सरकत गेला. मोठी, मुख्य जमीन ती ‘मेनलँड’. मोठा, खुला समुद्र तो ‘मेन सी’, आणि पुढे नुसता ‘मेन’.

यातून सोळाव्या-सतराव्या शतकात एक मजेदार अवस्था आली. शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये सायप्रसच्या बंदरात उभा असलेला माणूस म्हणतो, आकाश आणि ‘मेन’ यांच्यामध्ये एकही शीड दिसत नाही. तिथे ‘मेन’ म्हणजे समुद्र. ‘किंग लिअर’मध्ये वादळात उघड्यावर फिरणारा म्हातारा राजा वाऱ्याला सांगतो की लाटांना ‘मेन’च्या वर चढव. तिथे ‘मेन’ म्हणजे जमीन. एकाच नाटककाराच्या लेखणीत एकच शब्द पाणीही आणि कोरडी जमीनही. ‘स्पॅनिश मेन’चंही असंच. तो मुळात पनामापासून ओरिनोको नदीच्या मुखापर्यंतचा स्पेनच्या ताब्यातला किनारा, पण चाच्यांच्या गोष्टी वाचून वाचून लोकांनी त्याचा समुद्र करून टाकला.

शेक्सपियरला हा गोंधळ नक्की जाणवत होता, कारण सहाव्या हेन्रीवरच्या नाटकांतल्या दुसऱ्या भागात, पहिल्याच प्रवेशात, त्याने त्याच्यावर कोटी केली आहे. राजाने लग्नाच्या तहात फ्रान्समधला मेन नावाचा प्रांत सोडून दिलाय. सॅलिसबरी म्हणतो, चला, ‘मेन’कडे बघू, म्हणजे मुख्य गोष्टीकडे. त्याचा मुलगा वॉरिक उसळतो : मेन? बाबा, मेन तर गेला! जो मेन मी ‘मेन फोर्स’ने जिंकला होता! तुम्ही म्हणत होता तो ‘मेन चान्स’, मी म्हणतोय तो मेन.

तीन-चार ओळींत चार ‘मेन’ : मुख्य मुद्दा, फ्रेंच प्रांत, जुनं बळ, आणि ‘हॅझर्ड’ या फाशांच्या खेळात खेळाडू आधी पुकारतो तो आकडा. प्रेक्षक हसले असणार. पण बळाचा ‘मेन’ या चौघांत ‘फोर्स’चा हात धरून उभा आहे, हे बघा. एकट्याने ‘मेन’ म्हटलं तर बळ असा अर्थ आता कोणाच्या डोक्यात येणार नव्हता. १५९० च्या दशकापर्यंत नाम म्हणून त्याचं काम आटोपत आलं होतं.

तरीही ‘माइट अँड मेन’मध्ये तो तगला, याचं कारण शब्दाच्या अर्थामध्ये नाही, आवाजात आहे. जुनी इंग्रजी कविता यमकावर नव्हे, आद्याक्षराच्या आवृत्तीवर चालायची. म-म अशी जोडी कानात बसली की ती सुटी होत नाही. शिवाय जोडशब्दांत एका पदाचा अर्थ पुसला तरी दुसरं पद त्याला ओढून नेतं. मराठीत ‘हाट’ एकटा आता फारसा कोणी म्हणत नाही, पण ‘बाजारहाट’ रोजचा आहे.

दुसरा अवशेष ‘अमेन’ हे क्रियाविशेषण. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात ते ‘आमेन’ नव्हे, ‘पूर्ण जोराने’ या अर्थाचा. कवी मिल्टनने १६३७ मध्ये लिहिलेल्या शोकगीतात संत पीटरच्या दोन किल्ल्या येतात, सोन्याची उघडते आणि लोखंडी ‘अमेन’ बंद करते. दाणकन, पुन्हा न उघडण्यासाठी. इंग्लंडच्या ग्रामीण बोलीतही एक तुकडा राहिला, तिथे ‘मेन ग्लॅड’ म्हणजे भलताच खूश. आपल्याकडे ‘जाम खूश’ म्हणतात तसंच. ताकदीचे शब्द झिजले की ‘खूप’ होतात, हे सगळीकडे चालतं.

एक अवशेष नावात आहे. ‘मेनार्ड’ हे नाव जर्मानिक ‘मागिन’ आणि ‘हार्ड’ यांचं मिळून झालंय, बळकट आणि कणखर. इंग्लंडात हे नाव रुजवलं नॉर्मनांनी. ज्यांच्यावर ‘मॅयेन’च्या खुनाचा आरोप आहे, त्यांनीच त्याचा चुलत भाऊ सोबत आणला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली आणि १९१३ मध्ये भारताच्या चलनव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या नावातलं बळ कोणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

मराठीत हा शब्द इंग्रजी राजवटीबरोबर आला तो अर्थातच विशेषण होऊन, आणि इथे चांगलाच रुळला. मेन लाइनची लोकल, एमपीएससीची मेन्स, आणि बोलता बोलता ‘मेन म्हणजे, त्याला कळवायचंच राहिलं’. पण मेन स्विचची गंमत वेगळी आहे. तो खाली पाडला की घरातली पॉवर जाते, म्हणून तिथला ‘मेन’ बळाचा असेल असं वाटू शकतं. तसं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात गावाला पाणी पुरवणाऱ्या मुख्य नळाला ‘मेन’ म्हणायला लागले, नळावरून ते नाव गॅसच्या पाइपाला गेलं, आणि पाइपावरून विजेच्या तारेला.